गाडी आहे, माल आहे, ड्रायव्हर नाही

(दृश्य : पहाट. पुणे-बेंगळुरू महामार्ग, तावडे हॉटेल चौक. ओळीनं उभे ट्रक.)

कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली, मिरजेकडून. आजही ती इथंच येऊन संपते. खाली कोकणात उतरायचं तर आंबा, करूळ, फोंडा, आंबोली हे घाट, आणि घाटातून माल न्यायचा तर ट्रक. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली आणि इथला गूळव्यापार वाढला. तो गूळ आज ट्रकनं गुजरातला जातो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमधलं कास्टिंग, म्हणजे धातू ओतून केलेले भाग, पुण्याला जातं, चेन्नईला जातं. इचलकरंजीचं कापड जातं. टँकरनं दूध मुंबईला जातं. या जिल्ह्यात जे पिकतं आणि घडतं, ते कुणीतरी रात्रभर जागून बाहेर पोचवतो.

तो माणूस आता मिळेनासा झालाय.

देशभरात सुमारे २२ लाख प्रशिक्षित चालक कमी आहेत, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी सांगितलं आहे. इथं त्याचा अर्थ असा, की दोन-तीन गाड्यांच्या मालकाची एखादी गाडी अंगणात उभी असते. भाडं हातात आहे, टायर नवे आहेत आणि बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला चालूच आहे.

(दृश्य : ट्रकवर ताडपत्री ओढणारे हात. आवळला जाणारा रस्सा.)

ड्रायव्हर पूर्वी कुठून यायचा? क्लिनरच्या सीटवरून.

गावातलं सतरा-अठरा वर्षांचं पोरगं ओळखीच्या गाडीवर जायचं. ताडपत्री ओढायला शिकायचं, रस्सा आवळायला शिकायचं. टायरवर टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, मारून आवाजावरून हवा ओळखायचं. चढावर गाडी थांबली की खाली उडी टाकून गाडी मागं घसरू नये म्हणून चाकामागं उटी, म्हणजे अडण, लावायचं. गाडी मागं घेताना डाल्यावर, म्हणजे मागच्या फळीवर, थाप मारत ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणायचं. वस्ताद बरा असला तर परतीच्या रिकाम्या गाडीत, मोकळ्या रस्त्यावर स्टेअरिंग हातात यायचं. त्यात मार होता, शिव्या होत्या, आणि लायसन्सशिवाय शिकवणं बेकायदाही होतं. त्याचं गुणगान करण्याचं कारण नाही. पण उतारावर कोणत्या गिअरमध्ये उतरायचं आणि ब्रेक तापल्याचा वास कसा येतो, हे त्या पोराला लायसन्सच्या आधी कळलेलं असायचं.

डिझेल चढलं, टोल वाढले, भाडी मात्र त्या मानानं वाढली नाहीत. मालकानं पहिल्यांदा काय वाचवलं, तर क्लिनरचा पगार. तेव्हा ती बचत वाटली. पण ड्रायव्हर तयार होण्याची वाटच त्या दिवशी बंद झाली. आता दहा चाकी गाडीत एकटा माणूस असतो, आणि त्याच्यानंतर कोण, हे त्यालाही माहीत नाही.

कायद्याची वाट लांबची आहे. आधी हलक्या वाहनाचं लायसन्स, त्यानंतर किमान वर्षभर थांबायचं, वयाची २० वर्षं पूर्ण व्हायला हवीत, मग जड वाहनाचं शिकाऊ लायसन्स. आठवी पासची अट २०१९ मध्ये काढली, हे चांगलं झालं. पण लायसन्स हातात आल्यावर कास्टिंगनं भरलेली गाडी नवख्याला देणार कोण? मालकाची भीती खोटी नाही. गाडीही त्याची, कर्जही त्याचं.

(दृश्य : गावातला रस्ता. ऊस भरलेला ट्रॅक्टर वळण घेतो.)

चालवणारे हात गावात नाहीत असं नाही. ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर तरणी पोरंच चालवतात. जेसीबी चालवतात, दुधाचा टेम्पो चालवतात. ही पोरं संध्याकाळी नाहीतर रात्री उशिरा, पण घरी येतात. लाइनच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या, गाडीवर जायचं म्हटलं की आई आडवी येते. ‘गाडीवरच्या पोराला पोरगी कोण देणार?’ हा प्रश्न ती उगाच विचारत नाही.

शिरोलीतून चेन्नईला निघालेली गाडी घ्या. अंतर सुमारे साडेनऊशे किलोमीटर. प्रवासाचे दिवस मोजता येतात. मोजता येत नाही ते थांबणं. इथं लोडिंगसाठी नंबर लावायचा. तिथं कंपनीच्या गेटबाहेर गाडी उभी करायची. आत कधी घेतील ते वॉचमन सांगत नाही. संडास आत असतो, ड्रायव्हर बाहेर असतो. गाडी खाली झाली की परतीच्या भाड्याची वाट पाहायची. ट्रिपवर पैसे असतील तर या वाट पाहण्याचा एक रुपया मिळत नाही. वर हमालीवरून वाद. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही मागणी इथल्या वाहतूकदारांनी रस्त्यावर येऊन केली आहे, आणि ती रास्त आहे. माल ज्याचा आहे त्यानंच तो चढवण्या-उतरवण्याचे पैसे भरावेत.

१९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं चालकाला दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली. पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांतीही लिहिली. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. एक-दोन गाड्यांचा मालक त्यात बसतच नव्हता.

शिवाय भीती आहे. अपघात झाला की चूक कुणाची हे बघण्याआधी जमाव ट्रकवाल्याला धरतो. अपघातात कुणी दगावलं आणि न कळवता पळून गेलं तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, अशा नव्या भारतीय न्याय संहितेतल्या तरतुदीविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये देशभर ड्रायव्हरांनी गाड्या थांबवल्या. ती तरतूद संहितेच्या बाकी कलमांसोबत लागू झाली नाही, पण धास्ती राहिली.

(दृश्य : पाण्याखालचा महामार्ग, शिरोलीजवळ.)

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि ट्रकांच्या रांगा दिवसेंदिवस अडकल्या. आजूबाजूच्या गावांनी त्या ड्रायव्हरांना जेवू घातलं. या लोकांत माया आहे, याबद्दल शंका नाही. आता ती कारखान्याच्या गेटपर्यंत यायला हवी.

(दृश्य : ट्रकची केबिन, आतून.)

टिकवायचं कसं? अनेक मालक उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतात. आमच्या मते हा सगळ्यात कच्चा उपाय. उचलीनं बांधलेला माणूस एक तर कर्जात कुढतो, नाहीतर दुसऱ्याची उचल घेऊन जातो. महिन्याचा पगार, भविष्य निर्वाह निधी, विमा आणि घरी जायची ठरलेली तारीख, हे त्यापेक्षा महाग दिसतं. पण उभ्या गाडीचा हप्ता त्याहून महाग आहे.

लांबच्या लाइनला गाडी वाटेत बदलता येते. कोल्हापूरचा ड्रायव्हर बेंगळुरूचा माल हुबळीपर्यंत, म्हणजे दोनशेच्या आसपास किलोमीटर नेईल. तिथं पुढचा ड्रायव्हर ती गाडी घेईल. हा उलट दिशेची गाडी घेऊन परत फिरेल आणि रात्री घरी झोपेल. एकट्या छोट्या मालकाला हे जमणार नाही, चार-पाच जणांना एकत्र यावं लागेल. सहकार या जिल्ह्याला शिकवावा लागत नाही. दूध आणि ऊस आपण एकत्र येऊनच सांभाळला.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. उशिरा आला, पण आला. जुन्या गाड्या अजून बरीच वर्षं तापत राहतील.

आणि क्लिनरची ती सीट. पगारी शिकाऊ म्हणून, लायसन्स काढून, वयाची अट पाळून ती पुन्हा भरता येईल. पन्नाशी ओलांडलेले, लांबच्या ट्रिपा न झेपणारे ड्रायव्हर जिल्ह्यात आहेत. शिकवण्याचा पगार त्यांना द्यावा.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखानदारांना एकच मागणं आहे. बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या पावतीवर, गाडी गेटवर आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ लिहा. ठरल्यापेक्षा जास्त थांबवलं तर त्याचे पैसे द्या, आणि त्यातला ड्रायव्हरचा वाटा थेट त्याच्या खात्यात जाऊ द्या. गेटच्या आत संडास आहे, पाणी आहे. ते त्याला वापरू द्या.