आखाजीचे पत्ते, साखरेचा डाव

[दृश्य : कडुनिंबाखालचा ओटा. पत्ते पिसणारे हात.]

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की खानदेशात पत्त्यांचे डाव रंगतात. अमळनेर तालुक्यातल्या या ओट्यावरही डाव मांडलाय, पण पत्त्यांवर राजा-राणी नाहीत. कळण्याची भाकरी आहे, शेवभाजी आहे, केळं आहे, गोळ्यांचं पाकीट आहे. अक्षर एकही नाही, कारण इथल्या बऱ्याच जणी शाळेत गेलेल्या नाहीत. सगळ्या शेतमजूर, सगळ्यांना मधुमेह.

देशात मधुमेहाचे 10 कोटींहून जास्त रुग्ण आहेत, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा (आयसीएमआर) 2023 सालचा अभ्यास सांगतो. त्यातल्या कितीतरी जणांना सल्ला मिळतो तो एवढाच : गोड बंद करा.

[दृश्य : गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताई पत्ता उलटतात.]

चित्रातली बाई बांधावर बसलीये. हात थरथरतायत, दरदरून घाम फुटलाय. सकाळची गोळी घेतली, न्याहारी राहून गेली. आता टाका पत्ता!

एकीनं भाकरी टाकली, दुसरीनं नुसतं पाणी. तिसरी फणकारली, "आठे तं समदासले घाम येस!"

खरंच आहे. वैशाखाच्या उन्हात इथे घाम कुणाला येत नाही? माहितीपत्रकं छापणाऱ्यांना हा प्रश्न सुचत नाही, ओट्यावर तो लगेच निघतो. आशाताई सांगतात : घामासोबत थरथर असेल, एकदम भूक लागली, बोलणं भरकटलं, तर रक्तातली साखर 70 च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली गेली असं समजा. चहाच्या चमच्यानं तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या. 15 मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा. भाकरी त्यानंतर, तिची साखर व्हायला वेळ लागतो. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

भाकरीवालीचा डाव गेला. ती चिडलीये, आणि चिडलेलं माणूस विसरत नाही.

अशा खेळांनी समज वाढते. साखर वर्षानुवर्षं ताब्यात राहते का, याचे पुरावे मात्र तोकडे आहेत. आणि उपकेंद्रातल्या गोळ्याच संपल्या, तर पत्ते पिसून काय उपयोग?

[दृश्य : शेवटचा पत्ता. आखाजीचं जेवण : मांडे आणि आमरस.]

"त्या दिवशी दोन गोळ्या घेऊ," एक तोडगा येतो. आशाताई तो तिथेच मोडून काढतात : गोळी आपल्या मनानं वाढवायची नाही. शेवटी पाव मांड्यावर सौदा ठरतो, भाताला सुट्टी. आमरसावरून भांडण अजून चालू आहे.