सॅटर्न: ग्राहकांनी जपलेली आणि मालक कंपनीने वाऱ्यावर सोडलेली मोटार

नमस्कार.

जनरल मोटर्सने बंद केलेल्या ब्रँडची यादी बरीच मोठी आहे. ओल्ड्समोबाईल गेली, पाँटिॲक गेली, आणि त्या दोन्हींच्या मागे कित्येक दशकांची परंपरा होती. आज मी जिच्याविषयी बोलणार आहे ती सॅटर्न जेमतेम 20 वर्षे बाजारात होती, तरीही तिचा शेवट मला या सगळ्यांत अधिक चटका लावणारा वाटतो. ग्राहकांनी या कंपनीवर टाकलेला विश्वास अमेरिकी मोटारउद्योगात क्वचितच कुणाच्या वाट्याला आला होता आणि तो हाती असतानाही मालक कंपनीने तिला नव्या गाड्यांसाठी वर्षानुवर्षे ताटकळत ठेवले.

1970 च्या दशकातील तेलसंकटांनंतर अमेरिकी ग्राहक कमी पेट्रोल पिणाऱ्या छोट्या गाड्यांकडे वळला आणि त्या गाड्या होंडा, टोयोटा व निस्सान यांच्या होत्या. छोटी गाडी नफ्यात कशी बनवायची, हे डेट्रॉइटला, म्हणजे अमेरिकी मोटार कंपन्यांना, उमगत नव्हते. 1982 मध्ये जनरल मोटर्समध्ये एका नव्या छोट्या गाडीचा विचार सुरू झाला आणि त्या प्रकल्पाला अपोलो मोहिमेतील सॅटर्न अग्निबाणाचे नाव मिळाले. चंद्रावर पोहोचण्याच्या शर्यतीत अमेरिकेने सोव्हिएत संघाला मागे टाकले होते, तसे आता जपानी कंपन्यांना टाकायचे, अशी त्यामागची जिद्द होती. अध्यक्ष रॉजर स्मिथ यांनी नोव्हेंबर 1983 मध्ये प्रकल्प जाहीर केला आणि जानेवारी 1985 मध्ये सॅटर्न ही स्वतंत्र उपकंपनी म्हणून स्थापन झाली. तिच्यासाठी 5 अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीची घोषणा करण्यात आली होती.

या पैशापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो कामगारांशी झालेला करार. कारखान्याची वीटही रचली गेली नव्हती, तेव्हा व्यवस्थापन आणि युनायटेड ऑटो वर्कर्स ही कामगार संघटना यांच्यातील 99 जणांचा एक गट नेमण्यात आला. माणसे आपले काम चांगले कशामुळे करतात, याचा अभ्यास करून त्या गटाने नव्या कंपनीची घडी कशी असावी हे सुचवले. त्यातून झालेल्या करारात कामगारांना मूळ वेतन इतर कारखान्यांपेक्षा कमी मिळणार होते, मात्र गुणवत्ता आणि उत्पादनाची उद्दिष्टे गाठल्यास वरची रक्कम मिळणार होती. त्याबदल्यात नोकरीची मोठी हमी होती आणि कारखान्यातील निर्णयांत संघटनेला प्रत्यक्ष सहभाग होता. नॅशव्हिलच्या दक्षिणेला, टेनेसी राज्यातील स्प्रिंग हिल या शेतीवाडीच्या छोट्या गावाची कारखान्यासाठी निवड झाली आणि इतर राज्यांतले जनरल मोटर्सचे हजारो कामगार आपले बिऱ्हाड उचलून तिथे आले.

30 जुलै 1990 रोजी पहिली गाडी कारखान्यातून बाहेर पडली. चाकामागे रॉजर स्मिथ होते आणि शेजारी कामगार संघटनेचे अध्यक्ष ओवेन बीबर. दुसऱ्याच दिवशी स्मिथ निवृत्त झाले. जो माणूस या प्रकल्पामागे ठामपणे उभा होता, तो गाडी विक्रीला येण्यापूर्वीच खुर्चीवरून उतरला होता, हे लक्षात ठेवा.

(पडद्यावर: सॅटर्न एसएल-2, दाराचा जवळून घेतलेला फोटो)

आता गाडीकडे वळू. या दाराच्या कडेची फट पाहा. त्या काळातील होंडाच्या शेजारी ठेवली, तर ती डोळ्यांत भरावी इतकी रुंद दिसते. आत पोलादी सांगाडा आहे आणि त्यावर दारांचे, फेंडरचे व बंपरचे पत्रे प्लॅस्टिकचे आहेत. प्लॅस्टिक उन्हात प्रसरण पावते, म्हणून ही फट मुद्दाम मोठी ठेवावी लागली. टप, बॉनेट आणि डिकीचे झाकण मात्र पोलादीच होते. या प्लॅस्टिकच्या दारावर सुपरमार्केटची ढकलगाडी येऊन आदळली, तर दार किंचित आत जाऊन पुन्हा पूर्ववत होत असे. मालकांना हे फार आवडले. दहा-बारा वर्षांच्या गाडीलाही बाजूने एक पोचा नसे आणि बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांतही त्या पत्र्यांना गंज चढत नसे.

इंजिन 1.9 लिटरचे, चार सिलिंडरचे आणि ॲल्युमिनियमचे होते. त्याचा ब्लॉक ओतण्याची रीत पाहण्यासारखी होती. आधी फोमची हुबेहूब प्रतिकृती करायची, ती वाळूत पुरायची आणि तिच्यावर वितळलेला धातू ओतायचा, म्हणजे फोम जळून जातो आणि त्याची जागा ॲल्युमिनियम घेते. टायमिंगसाठी, म्हणजे इंजिनाच्या झडपा योग्य वेळी उघडण्यासाठी, पट्ट्याऐवजी चेन होती, त्यामुळे ठरावीक मैलांनंतर पट्टा बदलण्याचा खर्च वाचत असे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा फिल्टर तर इंजिन ऑइलच्या फिल्टरसारखा बाहेरून फिरवून काढता येत असे. घरच्या अंगणात स्वतः गाडीची कामे करणाऱ्या माणसाचा विचार इथे झालेला दिसतो. मात्र हे इंजिन फार आवाज करी, जोराने पळवल्यास त्याची थरथर स्टीअरिंगपर्यंत जाणवे आणि पहिल्या वर्षांतील परीक्षणांनी त्याबद्दल बोल लावले ते रास्तच होते.

तरीही लोकांनी ही गाडी डोक्यावर घेतली, याचे कारण शोरूममध्ये सापडते. अमेरिकेत नवी गाडी घेणे म्हणजे विक्रेत्याशी तासन्‌तास घासाघीस करणे, आणि बाहेर पडल्यावर आपण फसलो की काय याची रुखरुख लावून घेणे, असे समीकरण होते. सॅटर्नने एकच भाव ठेवला. स्टिकरवर जो आकडा लिहिला असेल तोच प्रत्येक ग्राहकाने द्यायचा, मग तो पट्टीचा व्यवहारचतुर असो किंवा आयुष्यात पहिल्यांदाच गाडी घेणारी तरुण मुलगी असो. पहिल्या वर्षी सर्वांत स्वस्त मॉडेल 7,995 डॉलरला होते. एकेका वितरकाला मोठा प्रदेश नेमून दिल्यामुळे शेजारच्या शोरूमशी भावात चढाओढ करण्याची वेळही त्याच्यावर येत नसे. गाडी पसंत पडली नाही तर ठरावीक मुदतीत परत करता येत असे. किल्ली देताना शोरूममधील सगळे कर्मचारी हातातले काम टाकून जमत, टाळ्या वाजवत आणि नव्या मालकाचा गाडीसोबत फोटो काढत. एकट्याने बँका आणि दुकाने पालथी घालून गाडी घेणाऱ्या स्त्रियांना इथे कुणी ‘घरच्या पुरुषाला घेऊन या’ असे सुचवत नव्हते, आणि त्यांची मोठी संख्या सॅटर्नकडे वळली ती याच वागणुकीमुळे, असे माझे मत आहे.

या विश्वासाची पहिली परीक्षा लवकरच झाली. 1991 मध्ये पुरवठादाराकडून आलेल्या कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, मिश्रणात दोष असल्याचे आढळले, आणि त्या कूलंटमुळे इंजिनाचे आतून नुकसान होण्याचा धोका होता. ते 1,836 गाड्यांत भरले गेले होते. दुसऱ्या एखाद्या कंपनीने रेडिएटर आणि नळ्या बदलून वेळ मारून नेली असती. सॅटर्नने ग्राहकांना नव्या गाड्या दिल्या आणि जुन्या नष्ट केल्या. पुढे 1993 मध्ये वायरिंगच्या दोषामुळे आग लागण्याचा धोका दिसला, तेव्हा साडेतीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावाव्या लागल्या. इतके मोठे संकट, पण अनेक वितरकांनी दुरुस्ती होईपर्यंत ग्राहकांच्या खाण्यापिण्याची सोय केली आणि गाड्या धुऊन परत दिल्या. ज्या घटनेने नव्या ब्रँडचे नाव धुळीला मिळायचे, तिच्यातून लोकांचा जिव्हाळा वाढला.

त्याचे दर्शन जून 1994 मध्ये घडले. सॅटर्नने आपल्या मालकांना स्प्रिंग हिलला, म्हणजे गाडीच्या माहेरी, बोलावले आणि सुमारे 44 हजार माणसे आली. दूरदूरच्या राज्यांतून, उन्हापावसात, स्वतःच्या सुट्ट्या खर्च करून माणसे एक स्वस्त छोटी गाडी जिथे बनते तो कारखाना पाहायला आली आणि आपल्या गाडीवर काम केलेल्या कामगारांना भेटली. त्याच वर्षी विक्री 2 लाख 86 हजारांवर गेली. सॅटर्नच्या इतिहासातील तो उच्चांक ठरला.

मग बिनसले कुठे? गाडीत दोष होते आणि मालकांना ते पुरते माहीत होते. त्यांपैकी सर्वांत कुप्रसिद्ध दोष ऑइल पिण्याचा. पिस्टनवरच्या ऑइल रिंगच्या खाचेतून तेल खाली परतण्याची व्यवस्था अपुरी होती. कालांतराने तिथे काजळी साचे, रिंग अडकून बसे आणि तेल वर जाऊन पेट्रोलसोबत जळे. जुन्या सॅटर्नचे मालक डिकीत ऑइलचा एखादा डबा कायम ठेवत आणि पेट्रोल भरताना सवयीने डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजणारी पट्टी, पाहत. ज्यांनी ही शिस्त पाळली, त्यांच्या गाड्या दोन लाख मैलांच्या पुढे गेल्या. ज्यांनी पाळली नाही, त्यांची इंजिने कोरडी पडून जॅम झाली. दुसरी तक्रार एका लहानशा सेन्सरची होती. कूलंटचे तापमान मोजणाऱ्या या सेन्सरचे टोक प्लॅस्टिकचे होते आणि ते तडकले की तो संगणकाला भलतेच तापमान कळवी. मग इंजिन नीट सुरू होईना, पेट्रोल जास्त जाई, पंखा वेळेवर फिरेना. पितळी टोकाचा सेन्सर आणून बसवला की ही कटकट कायमची मिटे. दहा मिनिटांचे काम आणि थोडेसे पैसे. मालकांनी हे ज्ञान एकमेकांना हौसेने दिले.

म्हणून दोषांमुळे सॅटर्न बुडाली, हे म्हणणे मला पटत नाही. 1990 च्या दशकात या ग्राहकांची लग्ने झाली, मुले झाली, त्यांना मोठी गाडी हवी होती आणि ती त्यांना सॅटर्नच्याच शोरूममधून घ्यायची होती. त्या शोरूममध्ये मात्र तीच छोटी एस-मालिका उभी होती. तिला 1996 मध्ये नवे अंग मिळाले, आतला सांगाडा तोच राहिला आणि तो 2002 पर्यंत चालला. जनरल मोटर्सच्या इतर विभागांना सॅटर्नवर झालेला खर्च खुपत होता. आपल्या वाट्याचा पैसा टेनेसीत गेला, अशी त्यांची भावना होती. तिकडे कामगार संघटनेच्या राष्ट्रीय नेतृत्वालाही स्प्रिंग हिलचा वेगळा करार रुचत नव्हता. दोन्हीकडून कोंडी झाली. मोठी एल-मालिका आली ती थेट 2000 च्या मॉडेलवर्षासाठी. ती मुळात युरोपातील ओपेल व्हेक्ट्रावर बेतलेली होती आणि बनत होती डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टनला. ज्या कारखान्याच्या नावावर सॅटर्नची पुण्याई उभी होती, तिथे ती गाडी बनतच नव्हती.

2003 च्या आयन या गाडीबद्दल मला कठोर बोलावे लागेल. डॅशबोर्डच्या मध्यभागी बसवलेला स्पीडोमीटर लोकांना रुचला नाही आणि आतले प्लॅस्टिक हलके वाटे, पण खरा घात इग्निशन स्विचने केला. तो इतका सैल होता की खड्ड्यातून जाताना किंवा जड किल्ल्यांच्या जुडग्याने ओढ बसल्यावर चालू गाडी बंद पडे. स्टीअरिंगची मदत जाई आणि अपघात झाल्यास एअरबॅग उघडत नसत. शेव्हरोले कोबाल्टसह अनेक मॉडेलमध्ये हाच स्विच होता. जनरल मोटर्सने 2014 मध्ये, म्हणजे सॅटर्न बंद झाल्यावर, या गाड्या परत बोलावल्या आणि कंपनीच्या भरपाई निधीने या स्विचशी संबंधित 124 मृत्यू मान्य केले. 1,836 गाड्या सरळ बदलून देणाऱ्या ब्रँडच्या नावावर हे प्रकरण लागावे, याचे मला अतोनात दुःख होते. व्ह्यू या सॅटर्नच्या एसयूव्हीच्या आणि आयनच्या काही मॉडेलमधला सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक, गिअरबॉक्सही असाच मालकांना महागात पडला.

शेवटी-शेवटी चांगल्या गाड्या आल्या. ऑरा या सेडानला 2007 मध्ये ‘नॉर्थ अमेरिकन कार ऑफ द इयर’ हा मान मिळाला. स्काय ही दोन आसनांची उघडी गाडी दिसायला देखणी होती. पण स्प्रिंग हिलमधील सॅटर्नचे उत्पादन त्याच वर्षी थांबले होते, आणि 2008 च्या आर्थिक संकटात जनरल मोटर्सने शेव्हरोले, कॅडिलॅक, ब्युइक आणि जीएमसी एवढेच ब्रँड ठेवण्याचे ठरवले. जून 2009 मध्ये मोटारविक्रीतील बडे उद्योजक रॉजर पेन्स्की यांच्या कंपनीने सॅटर्न घेण्याची तयारी दाखवली तेव्हा वितरकांच्या जिवात जीव आला. जनरल मोटर्स काही काळ गाड्या बनवून देणार होती, त्यानंतर दुसरा उत्पादक शोधायचा होता. ज्या उत्पादकाशी बोलणी चालली होती त्याच्या संचालक मंडळाने नकार दिला आणि 30 सप्टेंबर 2009 रोजी पेन्स्की यांनी माघार घेतली. 2010 मध्ये उरलेली शोरूम बंद झाली.

महाराष्ट्रातील प्रेक्षकांना यापुढचा भाग समजावून सांगण्याची गरज नाही. जनरल मोटर्सने 2017 च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवली, डिसेंबर 2020 मध्ये तळेगावचा कारखानाही बंद झाला, आणि बीट किंवा टवेरा वापरणाऱ्यांना सुट्या भागांसाठी किती वणवण करावी लागते हे आपण पाहतो. सॅटर्नच्या मालकांना इतर जनरल मोटर्स वितरकांकडे सर्व्हिस मिळत राहिली. इंजिनाचे भाग आजही बाहेरच्या कंपन्या बनवतात. पत्र्यांचा प्रश्न मात्र त्यांनी स्वतःच सोडवला. दारांवरचे प्लॅस्टिकचे पत्रे स्क्रूने बसवलेले असल्यामुळे भंगारात आलेल्या त्याच रंगाच्या सॅटर्नचा पत्रा काढून आपल्या गाडीला लावणे त्यांना जमते.

तुमच्यापैकी कुणी अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला असेल आणि एखादी जुनी सॅटर्न स्वस्तात मिळत असेल, तर एस-मालिकेची मॅन्युअल गाडी पाहा आणि सगळ्यांत आधी डिपस्टिक ओढा. ऑइलची पातळी तळाला असेल तर मालकाने गाडीकडे कसे पाहिले आहे हे तिथेच कळेल. सीव्हीटी असलेली व्ह्यू किंवा आयन घेऊ नका. साधी आयन असेल तर चासी क्रमांकावरून इग्निशन स्विच बदलला आहे की नाही, याची खात्री करून घ्या आणि तोवर किल्लीला दुसरे काहीही अडकवू नका.