तीन सुटे ठोकळे कुठे जातात?

आज एकच कोडं घेऊ, पण ते मुळापासून सोडवू. सामान म्हणजे 2 सेंमीचे 27 लाकडी ठोकळे. त्यांतले 24 ठोकळे चार-चार चिकटवून सहा चौकोनी फरश्या करायच्या, प्रत्येक 4 × 4 × 2 सेंमीची. उरलेले तीन सुटेच ठेवायचे. या नऊ तुकड्यांचा 6 सेंमीचा भरीव घन रचायचा. स्लोटहाउबर आणि ग्राट्स्मा या डच वास्तुरचनाकारांच्या नावाने हे कोडं ओळखलं जातं. सांध्यातून बाहेर आलेला गोंद ओला असतानाच पुसा. वाळून फुगवटा राहिला, तर बरोबर रचनाही नीट बसत नाही आणि आपण उगाच रचनेवरच संशय घेतो.

बहुतेक जण आधी फरश्या भरतात. सुटे काय, लहान आहेत, उरेल त्या फटीत जातील, असा हिशेब असतो. मग शेवटची फरशी अडते. जागा सात घरांची (घर म्हणजे एका ठोकळ्याची जागा) उरलेली असते, पण विखुरलेली. या कोड्यात सर्वांत कमी मोकळीक सुट्यांनाच आहे, आणि हे ठोकळ्यांना हात न लावता कळतं.

घनाचे थर मोजा. खालून वर तीन, डावीकडून उजवीकडे तीन, पुढून मागे तीन, असे एकूण नऊ. प्रत्येक थरात 9 घरं, म्हणजे विषम. फरशी मात्र कुठल्याही थरातली 4, 2 किंवा 0 घरंच व्यापते. आडवी, उभी कशीही ठेवा, आकडा समच. म्हणून प्रत्येक थरात निदान एक सुटा हवाच. एक सुटा तीन थरांत मोजला जातो. तीन सुटे, तीन त्रिक नऊ. थरही नऊच. म्हणजे कुठल्याही थरात दोन सुटे एकत्र येऊ शकत नाहीत.

आता कोपरे पाहा. घनाला 8 कोपरे आहेत. फरशी दोन घरं लांब असल्याने तिला एकाहून जास्त कोपरे गाठता येत नाहीत. सहा फरश्यांनी फार तर सहा कोपरे भरतील. उरलेले दोन सुट्यांनीच भरायचे. हे दोघे एका थरात चालत नाहीत, म्हणून ते समोरासमोरच्या टोकांना, आरपार कर्णावर. तिसऱ्याला मग प्रत्येक दिशेचा मधलाच थर उरतो, म्हणजे घनाचं केंद्र. इतकं सुंदर उत्तर दोन मोजण्यांतून निघतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता रचू. पहिला सुटा तळाशी, पुढच्या डाव्या कोपऱ्यात. त्याच्या उजवीकडे, पुढच्या उजव्या कोपऱ्यात एक फरशी आडवी. सुट्याच्या मागे, डाव्या बाजूला लागून एक फरशी उभी. मागच्या बाजूने, उजव्या कोपऱ्यापर्यंत दुसरी उभी. तळ भरला. दुसरा सुटा आत्ताच बरोबर मध्ये ठेवा. नंतर तिथे हात पोहोचत नाही. मग दुसऱ्या थरावरून दोन फरश्या उभ्या करायच्या: एक पुढच्या बाजूने, डाव्या कोपऱ्याला लागून, म्हणजे पहिल्या सुट्याच्या डोक्यावरून; दुसरी उजव्या बाजूने, पुढच्या कोपऱ्याला लागून. मधल्या थरात आता चार फरश्या केंद्राभोवती भिंगरीच्या पात्यांसारख्या दिसतील. तशा दिसल्या नाहीत तर तिथेच थांबा. शेवटची फरशी वर आडवी, मागच्या डाव्या कोपऱ्यात, आणि तिसरा सुटा मागे उजवीकडे. फिरवलेल्या आणि आरशातल्या रचना एकच धरल्या, तर दुसरं उत्तर नाही.

नेहमीची चूक तळाशी होते. आडवी फरशी सुट्याच्या तिरप्या समोरच्या, मागच्या उजव्या कोपऱ्यात टाकली जाते आणि दोन उभ्या फरश्या सुट्याला दोन्ही बाजूंनी चिकटतात. तळ झकास भरतो. पण सुट्याच्या डोक्यावरचं घर तिन्हीकडून कोंडलं जातं. तिथे फरशी शिरत नाही आणि दुसरा सुटा तर केंद्रातच हवा.

हीच मोजणी गणितज्ञ जॉन कॉनवे यांच्या 5 × 5 × 5 घरांच्या घनाच्या कोड्याला लावून पाहा. तिथे 1 × 2 × 4 च्या तेरा विटा, एक 2 × 2 × 2, एक 1 × 2 × 2 आणि 1 × 1 × 3 च्या तीन कांड्या असतात. थर 15, प्रत्येकात 25 घरं, पुन्हा विषम. कांड्या सोडून सगळे तुकडे प्रत्येक थरात सम घरं घेतात. कांडी पाच थरांना लागते: लांबीच्या दिशेने तीन, बाकीच्या दोन दिशांनी एकेक. तीन कांड्या, पंधरा थर, प्रत्येकाला एकच. प्रत्येक दिशेचे पाच थर 3 + 1 + 1 असेच जमतात, म्हणून तीन कांड्या तीन वेगवेगळ्या दिशांना. विटा हातात घेण्याआधी या कांड्यांच्या जागा कागदावर ठरवा.