आधी खुर्ची उलटी करा

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात रेडिंगहून एका ताईंचा फोन आला. त्यांनी नवं घर घेतलंय, आणि आधीच्या आजीबाई जेवणघरातल्या चार खुर्च्या तिथंच ठेवून गेल्यात. जाताना म्हणाल्या, "चिपेंडेल आहेत, जपा." ताईंचा प्रश्न सरळ होता, ह्यांचे किती येतील? मी म्हटलं, ताई, आधी एक खुर्ची उलटी करा.

चिपेंडेल हे नाव ऐकून हुरळून जाऊ नका. थॉमस चिपेंडेल हा यॉर्कशायरमधल्या ऑटलीचा, १७१८ सालचा जन्म. १७५४ मध्ये लंडनला त्यानं आपल्या नमुन्यांचं पुस्तक छापलं, आणि देशभरातल्या सुतारांनी ते समोर ठेवून खुर्च्या केल्या. पुढं व्हिक्टोरिया राणीच्या काळात त्याच घाटाच्या पुन्हा ढिगानं झाल्या. तो स्वतः आपल्या खुर्च्यांवर शिक्का मारत नसे. त्याच्या कारखान्यातली खुर्ची ओळखायची ती जुन्या बिलांवरून, यॉर्कशायरमधल्या हेअरवुड हाऊस ह्या हवेलीसारख्या घरांत ती बिलं जपून ठेवलेली आहेत. तेव्हा चिपेंडेल हा बहुतेक वेळा घाट असतो, कर्ता नसतो. ढालीसारख्या पाठीला हेपलव्हाइट म्हणतात, तेही एका कारागिराचंच नाव, तिथंही तेच. त्याचं पुस्तक तर तो गेल्यावर, १७८८ मध्ये, त्याच्या बायकोनं बाहेर काढलं.

म्हणून पाठीवरची नक्षी नंतर बघा. आधी खुर्ची उलटी करा. का, ते मला ज्यांनी शिकवलं त्यांची गोष्ट सांगते.

आम्ही नुकतेच बकिंगहॅमशायरमध्ये राहायला आलो होतो. शेजारी एक आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे, उभी हयात खुर्च्या दुरुस्त करण्यात गेलेली. जवळच्या गावात लिलाव होता. यादीत आठ महोगनी खुर्च्या होत्या, ढालीच्या पाठीच्या, १७९० च्या सुमाराच्या, सहा साध्या आणि दोन बाजूंना हात असलेल्या. माझा त्यांच्यावर जीव जडला. दिवाळीला सगळी मंडळी एका टेबलाशी बसलेली मला दिसायलाच लागली. आदल्या दिवशी माल बघायला ठेवतात, तेव्हा आजोबांना बरोबर घेऊन गेले.

त्यांनी पहिल्या खुर्चीची गादी उचलून बाजूला ठेवली. चौकटीच्या आतल्या काठावर पटाशीनं कोरलेला रोमन आकडा होता, एक. गादीच्या लाकडावरही एक. संच करताना जुने कारागीर असे आकडे घालत, म्हणजे ज्या खुर्चीची गादी त्याच खुर्चीत परत बसते. दोन, तीन, चार, असं करत आठपर्यंत आकडे जुळले. मी खूश झाले. आजोबा काही बोलले नाहीत.

मग ते गुडघ्यांवर बसले, खुर्ची उलटी केली आणि माझा हात धरून बैठकीच्या चौकटीतल्या समोरच्या पट्टीच्या आतल्या बाजूवरून फिरवला. तिथं सरळ, थोडे वाकडेतिकडे ओरखडे लागले. हातकरवतीचे. मग शेजारच्या पट्टीवरून फिरवला. तिथं ओरखडे कमानीसारखे गोलाकार होते, पाण्यात खडा टाकल्यावर तरंग उठतात ना, तसे. "ही गोल करवत," ते म्हणाले. "१७९० च्या खुर्चीत ही कुठून आली?" सुतारांच्या कामात गोल करवत आली ती एकोणिसाव्या शतकात.

दुसऱ्या खुर्चीत समोरची पट्टी नवी निघाली. तिसरीत मागचा पाय. एकेक करत सहाही खुर्च्यांत एखाददुसरा तुकडा परका होता. आणि सात-आठ क्रमांकाच्या खुर्च्या? त्यांतली बरीचशी लाकडं जुनीच होती, पण एकमेकांची नव्हती. रंग जुळेना, लाकडी खुंट्यांची भोकं एकमेकांसमोर येईनात.

"सहाच होत्या," आजोबा हळूच म्हणाले.

कोणीतरी सहा चांगल्या खुर्च्या खोलल्या होत्या. प्रत्येकीतले एकदोन तुकडे काढले, त्यांच्या जागी नवे बसवले, आणि काढलेल्या तुकड्यांतून आणखी दोन उभ्या केल्या. सहाच्या आठ. हात असलेल्या दोन खुर्च्या आजोबांनी मापल्या, तर बैठक साध्या खुर्चीएवढीच रुंद. अस्सल हातांची खुर्ची मुळातच दोनेक इंच रुंद करतात. म्हणजे हातही मागाहून चिकटवलेले.

त्यांनी प्रत्येक गादी जागेवर ठेवली, हलक्या हातानं, आजाऱ्याच्या अंगावर पांघरूण घालावं तशी. मग टेबलाशी बसलेल्या लिलाववाल्यांच्या माणसाला सगळं सांगितलं. त्यानं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी लिलावात त्यातलं एक अक्षर कोणी उच्चारलं नाही. आठही खुर्च्या संच म्हणून गेल्या, चांगल्या किमतीला. मला आजही त्याचा राग येतो.

आठच का केल्या असतील? कारण किंमत संचाला असते. एका खुर्चीचे जे येतात त्याच्या आठपट धरा, तर आठच्या अस्सल संचाचे त्याहून पुष्कळ जास्त येतात. जोडीचेही दुपटीहून जास्त. एकटी खुर्ची स्वस्त. आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गडद महोगनी फर्निचरचे भाव उतरलेत, म्हणून जुन्या पुस्तकातली किंमत धरून बसू नका. घासूनपुसून चकचकीत पॉलिश तर मुळीच करू नका. दोनशे वर्षांच्या हातांनी आलेली झाक एका दुपारी जाते. शिवाय खुर्ची रेडिएटरपासून लांब ठेवा, कोरड्या हवेनं लाकूड आक्रसतं आणि सरस सुटतो.

त्या लिलावातून मी रिकाम्या हातानं आले नाही. शेवटी शेवटी एक एकटी विंडसर खुर्ची आली, म्हणजे जाड लाकडी बैठकीत भोकं पाडून पाय आणि पाठीच्या काठ्या बसवलेली. ह्या खुर्च्यांचं गाव म्हणजे आमच्या बकिंगहॅमशायरमधलं हाय विकम. १८७७ मध्ये व्हिक्टोरिया राणी तिथं गेली तेव्हा लोकांनी रस्त्यावर खुर्च्यांची कमान उभारली होती. खुर्च्यांचे पाय जवळच्या चिल्टर्न टेकड्यांच्या जंगलात बसून कातारी ओल्या बीच लाकडाचे कातत. बैठक एल्म नावाच्या झाडाच्या लाकडाची, कारण एल्म सहसा चिरत नाही. आता एल्म कुठं उरलाय? १९७० च्या दशकात रोग आला आणि ह्या देशातले लाखो एल्म गेले. शाळेत मुलांना ओकबद्दल शिकवतात तसं एल्मबद्दलही शिकवायला हवं, असं मला फार वाटतं. ज्या झाडावर अख्खा देश बसला, ते झाड मुलांना ओळखता येत नाही.

माझ्या खुर्चीच्या पाठीची कमान यू नावाच्या झाडाच्या लाकडाची आहे, आणि यू असला की विंडसरची किंमत वाढते. आजोबांनी तिचा पाय कॅलिपरमध्ये, म्हणजे जाडी मोजायच्या चिमट्यात, धरून मला दाखवला, आधी एका बाजूनं, मग आडवा. दोन मापांत थोडा फरक आला. लाकूड रेषांना आडवं आक्रसतं, आणि तेही सगळ्या बाजूंनी सारखं नाही, म्हणून गोल कातलेला पाय वर्षांनी किंचित लंबगोल होतो. म्हणजे पाय खरोखर जुना. आजोबांनी कॅलिपर खिशात टाकला, मला म्हणाले, "घे," आणि मी हात वर केला.