रात्री दोनचं दूध

मंडळी, विषय ठरलाय 'तीव्र कुपोषित मूल घरी गेल्यावर'. त्यावर येतोच, पण आधी मला रात्री दोनच्या दुधाबद्दल बोलू द्या. समोर मेळघाटात, धडगावात, मोखाड्यात काम केलेली मंडळी बसली आहेत, त्यामुळे सॅम, म्हणजे तीव्र कुपोषण, कशाला म्हणायचं ते सांगत बसत नाही. दंडघेर, म्हणजे दंडाचा घेर, साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, किंवा दोन्ही पावलांवर सूज. तुमचे हात ती पट्टी रोजच लावतात.

अशा मुलाचं पोट भरायची घाई करायची नसते. पाच किलोचं मूल असेल तर पहिल्या दिवसांत दर दोन तासांनी साधारण 55 मिलि स्टार्टर आहार. दूध, साखर, तेल, कुरमुऱ्याची पूड. एवढंच, पण दिवसाचे बारा वेळा! त्यातले निम्मे रात्री येतात, आणि चुकतात ते तेच. या मुलाच्या अंगात साठा नसतो. पोट रिकामं राहिलं की साखर उतरते, अंग गार पडतं, आणि ते रडतही नाही. आईला वाटतं, बरं झालं, शांत झोपलंय.

एका रुग्णालयात मी सकाळी राउंडला गेलो. दूध पाजल्याच्या तक्त्यावर रात्रीच्या सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा, एकाच पेनाने, एका ओळीत. आणि वाटीत बाराचं दूध तसंच, वर साय धरलेली. पोराचे तळवे गार. तातडीने साखरेचं पाणी पाजलं, आईच्या उघड्या छातीशी धरून वर घोंगडी घातली, तेव्हा तासाभराने त्याने डोळे उघडले. राग आला मला, आजही येतो. पण सिस्टरवर नाही. तीन वॉर्डांना मिळून ती एकटी होती, शेजारी बाळंतपण चालू होतं. ती कुठे कुठे पुरणार? म्हणून मी जिथे जातो तिथे हेच मागतो: रात्रीच्या दुधासाठी वेगळी बाई नेमा. गावातलीच, कोरकू किंवा भिलोरी बोलणारी, आईला हलवून उठवणारी. काम फक्त तेवढंच, आणि त्याचा पगार द्या.

पाच मिनिटांची चिठ्ठी आली. बरं, मूळ विषय.

घरी सोडताना वजन वाढलं एवढ्यावर थांबू नका. दंडघेर साडेबारा आणि सूज नाही, हे गाठेपर्यंत मूल आपलंच. आईची बुडीत मजुरी वेळेवर द्या, नाहीतर ती तिसऱ्या दिवशी निघते. घरी धाकटं रडत असतं, शेतात सोयाबीन उभं असतं. आणि दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर गेलं की फेरतपासणी संपते. तेव्हा डिस्चार्जच्या कागदावरच विचारून लिहा, कुठल्या तालुक्यात जाणार. तिथल्या अंगणवाडी सेविकेला फोन कोण करणार, तेही नावानिशी लिहा. ते नाव लिहिल्याशिवाय कागदावर सही करू नका.