खांब बघ, पाटी बघ, मग गाव सांग

[पडद्यावर: एक रिकामा रस्ता, लाल माती, दोन्ही बाजूला झाडी. कोपऱ्यात सेकंद उलटे मोजले जातायत.]

हा रस्ता कुठला सांगा बरं. पुढे सरकायचं नाही, मान वळवायची नाही, झूम पण नाही, समोर जे दिसतंय तेवढ्यावरच जगाच्या नकाशात टाचणी मारायची. बडोद्यात दांडिया बाजारात एका दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत कॉलेजची चार पोरं आणि एक रिटायर्ड काका एकाच लॅपटॉपभोवती चिकटून बसलेत, पंखा फुल्ल, चहा गार, आणि सगळे एकदम बोलतायत.

"आफ्रिका."

"लाल माती दिसली की आफ्रिका? रत्नागिरीला काय पांढरी असते का?"

"अरे खाली बघ ना, गाडीच्या रॅकला काळी टेप गुंडाळलीय. घाना आहे, मार लवकर."

घानाच निघतं. काका म्हणतात, टेप बघून देश ओळखायचा म्हणजे कॉपीच झाली की ही. पोरं म्हणतात, काका यालाच अभ्यास म्हणतात.

[पडद्यावर: जगाचा नकाशा, त्यावर टाचणी पडते, एक रेघ ओढली जाते.]

या गेमचं नाव जिओगेसर. स्वीडनच्या अँटन वॉलेन नावाच्या प्रोग्रामरने २०१३ मध्ये हा बनवला आणि कल्पना इतकी साधी आहे की आपल्याला आधी का नाही सुचली असं वाटतं. गूगलचं स्ट्रीट व्ह्यू म्हणजे कॅमेऱ्याची गाडी रस्त्यारस्त्यावर फिरवून काढलेले चौफेर फोटो, त्यातला जगातला कुठलातरी एक समोर येतो, तुम्ही ओळखायचं कुठला, जितकं जवळ तितके मार्क, एका राउंडला जास्तीत जास्त ५०००, पाच राउंड, म्हणजे पैकीच्या पैकी २५०००. बंदूक नाही, गाडी नाही, लेव्हल नाही. तरी याची वर्ल्ड चॅम्पियनशिप होते, २०२३ ला स्टॉकहोममध्ये झाली, स्टेजवर प्लेयर बसलेत आणि लोक कुठल्यातरी माळरानावरचा विजेचा खांब बघून ओरडतायत. मला सुरुवातीला हे येडेपणाचं वाटायचं. नंतर दोन तास गेले आणि कळलं पण नाही.

भारी खेळणारे खरं तर देश बघतच नाहीत, ते फोटो काढणाऱ्या गाडीला बघतात. केनियात गाडीला स्नॉर्कल, म्हणजे इंजिनाला हवा देणारी उभी नळी, लावलेला दिसतो, मंगोलियात टपावर कॅम्पिंगचं सामान बांधलेलं असतं, घानाची टेप आत्ता बघितलीच आपण. मग रस्त्याकडेचे खुंट, खांबाचा आकार, गाड्या डावीकडून चालतात की उजवीकडून, पाटीवरची लिपी. सिडनीचं ऑपेरा हाउस आलं तर ते कोणीही सांगेल, पण ते येतच नाही ना. येतो तो एक कुंपण असलेला रस्ता आणि एक कंटाळलेली गाय.

[पडद्यावर: भारताचा नकाशा. दहा शहरांवर एकेक ठिपका उजळतो.]

आता आपल्या देशाचं बघा. स्ट्रीट व्ह्यू अमेरिकेत मे २००७ मध्ये पाच शहरांपासून सुरू झालं. आपल्याकडे गूगलने २०११ ला बेंगळुरूत गाडी फिरवायला काढली आणि काही आठवड्यांतच पोलिसांनी थांबवली. २०१६ ला सरकारने सुरक्षेचं कारण देऊन परत नाही म्हटलं. मधल्या काळात मुंबईच्या जेनेसिस कंपनीने २०१३ ला वोनोबो नावाची आपली देशी साइट काढली होती, रस्त्यांचे असेच चौफेर फोटो, किती जणांना आठवतेय माहीत नाही, या खोलीत फक्त काकांना आठवली. जिओगेसरमध्ये तोपर्यंत भारत म्हणजे ताजमहालासारखी स्मारकं नाहीतर कोणीतरी हौसेने टाकलेले गोल फोटो.

मग फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांचे नियम बदलले. रस्त्यावर गाडी फिरवून फोटो काढायचे ते भारतीय कंपनीनेच, परदेशी कंपनीने ते लायसन्सवर घ्यायचे. म्हणून २७ जुलै २०२२ ला जे स्ट्रीट व्ह्यू इथे आलं त्याचे फोटो जेनेसिस आणि टेक महिंद्राने काढलेले होते, गूगलने नाही. सुरुवातीची शहरं दहा. बेंगळुरू, चेन्नई, दिल्ली, हैदराबाद, अमृतसर, मुंबई, पुणे, नाशिक, तेव्हाचं अहमदनगर म्हणजे आताचं अहिल्यानगर, आणि दहावं आपलं बडोदा. अहमदाबाद नाही, सुरत नाही, बडोदा! या खोलीत त्या बातमीवर जो आनंद झाला होता तो रणजी जिंकल्यासारखा होता म्हणतात. आणि बघा, दहापैकी पाच गावांत गल्लीत मराठी ऐकू येतं. असं का झालं याचं कारण काही असेल किंवा नसेल, पोरांची थिअरी वेगळी आहे, ती इथे सांगण्यासारखी नाही.

[पडद्यावर: चिमणाबाई टॉवर, रावपुरा. कॅमेरा टॉवरवरून खाली घसरतो आणि दुकानांच्या पाट्यांवर थांबतो.]

या गेममध्ये आपला स्वतःचा मॅप बनवता येतो. तर या लोकांनी फक्त बडोद्याचा मॅप केलाय, आणि त्याचा एकच नियम, ओळखीचं काही घ्यायचं नाही. लक्ष्मीविलास पॅलेस बाद. मांडवी बाद. सूरसागर, न्यायमंदिर, कमाटीबागेजवळचा सयाजीरावांचा काळा घोडा, सगळं बाद. हा रावपुऱ्याचा टॉवर पण बाद, त्याच्या बाजूची गल्ली चालेल. म्हणजे शहर दाखवताना आपण पाहुण्यांना जे जे दाखवतो ते काढून टाकल्यावर जे उरतं त्यावर हा खेळ.

आणि मजा अशी की जन्म इथे गेलेली माणसं यात सपाटून हरतात. वीस वर्षं ज्या नाक्यावरून शाळेत गेला तो नाका समोर आला तर पोरगा म्हणतो आणंद असेल. कारण आपण रस्ता बघत नाही, आपण वळतो फक्त.

[पडद्यावर: खेळ चालू आहे. बोट स्क्रीनवर एका पाटीवर टेकतं.]

पाटी हा पहिला पुरावा. गुजराती अक्षरांना वर रेघ नाही, त्यामुळे गुजरात आहे एवढं तर बाहेरचा माणूस पण दोन दिवसांत शिकतो. आपला फायदा त्याच्या पुढचा, आपण ती पाटी वाचतो. गुजराती अक्षरात शिंदे, मोहिते, पवार असं काही दिसलं की इथली पोरं डोळे झाकून बडोद्यावर टाचणी मारायची. काकांनी त्यावर पाणी ओतलं, म्हणाले सुरतला लिंबायतमध्ये जाऊन बघा, हीच आडनावं मिळतील, सगळा खानदेश तिकडे गेलाय. मग काय करायचं? तर पाटीवर खाली फोन नंबर बघायचा, जुनी पाटी असेल तर लँडलाइन असतो, ०२६१ म्हणजे सुरत, ०२६५ म्हणजे बडोदा. नव्या पाटीवर सगळे मोबाईल, तिथे संपलं. गाड्यांच्या नंबर प्लेट तर धूसर केलेल्या असतात, जीजे ०६ शोधत बसू नका.

हे धूसर करायचं काम मशीन करतं, माणसाचा चेहरा वाटला की पुसलाच. मशीनला अक्कल तेवढीच, २०१६ मध्ये इंग्लंडात केंब्रिजला नदीकाठच्या एका गाईचा चेहरा पण त्याने असाच झाकला होता आणि लोक म्हणाले चला गाईची पण प्रायव्हसी जपली.

दुसरं म्हणजे डीपी. कोपऱ्याकोपऱ्यावर विजेचा ट्रान्सफॉर्मर असतो ना, जाळीच्या कुंपणात, त्यावर कंपनीचं नाव. बडोद्याकडे एमजीव्हीसीएल, दक्षिणेला सुरतकडे डीजीव्हीसीएल. एक अक्षर वाचता आलं की अर्धा गुजरात बाद. यातल्या एका मुलीने रोज क्लासला जाता-येता डीपीचे फोटो काढून फोल्डर भरलाय, घरचे विचारतात हे काय, तर म्हणे प्रॅक्टिस.

आणि मैलाचे दगड, इथे मात्र काकांचं राज्य. औषध कंपनीत एमआर होते, आयुष्य एसटीत आणि स्कूटरवर गेलं. वरचा भाग पिवळा असेल तर नॅशनल हायवे, हिरवा असेल तर स्टेट, काळा किंवा निळा असेल तर जिल्ह्याचा नाहीतर शहराचा रस्ता, नारिंगी असेल तर गावाकडचा ग्रामीण. काका दगडाचा रंग बघून सांगतात की हा ४८ नंबर, जुना ८, आणि मग हळूच जोडतात की पुढे डावीकडे भजी बरी मिळायची. हायवेच्या फोटोत आजपर्यंत त्यांना कोणी हरवलेलं नाही. आफ्रिकेत मात्र ते शून्यावर असतात.

[पडद्यावर: होकायंत्र. फोटोत सावली एका बाजूला पडलेली.]

सूर्याची ट्रिक मला सगळ्यात आवडली. गेममध्ये होकायंत्र असतं आणि सगळे शिकवतात की दुपारचा सूर्य दक्षिणेला दिसला की उत्तर गोलार्ध, उत्तरेला दिसला की दक्षिण गोलार्ध. बरोबर आहे, पण कर्कवृत्त जातं अहमदाबादच्या वरून आणि बडोदा त्याच्या खाली, २२.३ अंशावर. म्हणजे जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या दहा तारखेच्या आसपासपर्यंत सूर्य इथे अख्खा दिवस आकाशाच्या उत्तरेकडच्या बाजूला असतो, दुपारी अगदी डोक्यावर पण किंचित उत्तरेला. तेवढ्या दिवसांतला फोटो आला तर नियमाने चालणारा माणूस बडोद्याला उचलून ब्राझीलमध्ये टाकेल. अर्थात त्या दिवसांत इथे अर्धा वेळ ढगच असतात, सूर्य दिसेल तर ना.

[पडद्यावर: मोबाईलवर स्क्रोल होणारे फोटो. चेहरे धूसर.]

आता जरा कडू पण बोलू. हा गेम पूर्वी मनसोक्त फुकट खेळता यायचा. २०१८ ला गूगलने मॅप वापरण्याचे दर वाढवले आणि तेव्हापासून नीट खेळायचं तर पैसे भरा अशी गत झाली. इथे एका अकाउंटवर सगळे मिळून खेळतात, वर्गणी काढून, गणपतीसारखी. दुसरं म्हणजे ही विद्या दुधारी आहे. ट्रेव्हर रेनबोल्टसारखे या गेमचे नावाजलेले खेळाडू कोणाच्या तरी वडिलांच्या जुन्या फोटोतली जागा शोधून देतात, बघून बरं वाटतं, पण तीच नजर तुमच्या बाल्कनीतल्या सेल्फीमागचा डीपी आणि समोरच्या दुकानाची पाटी पण वाचू शकते की नाही? त्या डीपीवाल्या मुलीने आपले जुने फोटो बसून चाळले आणि निम्मे डिलीट केले. मला वाटतं तिने बरोबर केलं. भीती म्हणून नाही, पण घराचा पत्ता आपण स्वतःहून का वाटायचा.

[पडद्यावर: घडियाळी पोळ. अरुंद गल्ली, वर लाकडी गॅलऱ्या, खाली लावलेल्या ॲक्टिव्हा.]

आणि एक मोठं भोक राहतंच. फोटोची गाडी पोळीत, म्हणजे जुन्या शहरातल्या अशा अरुंद गल्लीत, कशी शिरणार, तिथे ॲक्टिव्हा वळवताना आरसा भिंतीला घासतो. म्हणजे जुनं बडोदं, जिथे खरं तर प्रत्येक दारावर काहीतरी बघण्यासारखं आहे, तेच गेममधून गायब आणि रुंद रिंग रोड मात्र इंचाइंचाने हजर.

तर या पोरांनी आता मॅपिलरी पकडलीय, लोकांनीच काढलेले रस्त्यांचे फोटो जमवणारी साइट. ही पण स्वीडनचीच निघाली, २०१३ ची, २०२० मध्ये फेसबुकने विकत घेतली. फोनवर ॲप चालू करायचं, चालत किंवा गाडीवर जात राहायचं, ते आपोआप फोटो काढत जातं, जीपीएसने जागेवर बसवतं, चेहरे आणि नंबर प्लेट झाकतं, आणि ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या फुकट नकाशावर काम करणारे ते फोटो फुकट वापरू शकतात. जिओगेसरमध्ये हे येत नाही, त्याचा स्कोअर नाही, वर्ल्ड चॅम्पियनशिप तर नाहीच. तरी दर रविवारी दोघं जण फोन छातीला बांधून निघतात.

अडचणी साध्या आहेत. फोन तापतो आणि बंद पडतो. उंच घरांच्या मध्ये जीपीएस भरकटतं, मग फोटो शेजारच्या पोळीत जाऊन पडतात, ते हाताने सरकवावे लागतात. बायका गॅलरीतून विचारतात काय रे, टॅक्सवाले का? एका आजींनी तर आमच्या दाराचा फोटो नीट काढ म्हणून रांगोळी पूर्ण होईपर्यंत थांबवून ठेवलं.

मांडवीच्या अलीकडच्या काही पोळी झाल्यात, पाणीगेटकडची बाजू बाकी आहे. काकांचं म्हणणं दुपारी दीडला जा, दुकानं बंद असतात, रस्ता मोकळा मिळतो. पोरांचं म्हणणं मग पाट्या कशा दिसणार, शटर खाली असेल ना. वाद अजून चालू आहे.