सामाईक बांध

[दृश्य: पहाट. रायगड जिल्ह्यातली भातखाचरं. लोंब्यांवर दव.]

बांधावरून पाहिलं तर भात उभं आहे. चार पावलं आत जा. मधला पट्टा आडवा झालाय. वाऱ्याने नाही, बुडाशी बघा, विळ्याने कापल्यासारखा तिरका छेद. उंदीर कडेचं भात बरेचदा राखतो आणि मधलं खातो, म्हणून नुकसान कळतं तेव्हा कापणी आलेली असते.

हा घुशीचा धाकटा भाऊबंद. कुणी त्याला काळा उंदीर म्हणतं. दात जन्मभर वाढतात, म्हणून भूक नसली तरी कुरतडणं चालूच. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी 6-8 पिल्लं सहज. आणि बीळ म्हणजे नुसतं घर नव्हे, कोठारही: आत लोंब्या रचलेल्या सापडतात.

[दृश्य: मे महिना. कोरडं खाचर, बांधावर ताज्या मातीचा ढीग.]

औषधाची पुडी ऑक्टोबरात आणून उपयोग थोडा. शेतभर ताजा दाणा असताना तो तुमचा भरडा कशाला खाईल? खरी वेळ पेरणीआधीची. तेव्हा उंदीरही कमी आणि खाणंही कमी.

संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवायची. सकाळी जी उकरलेली दिसतील, ती नांदती. तिथे दोन-तीन दिवस साधा भरडा ठेवायचा, तेल लावून. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग औषधाला नावं ठेवतात. उंदीर नवं खाणं आधी चाखून बघतो. थोडक्यात बचावला तर पुन्हा त्या वासाला तोंड लावत नाही. सवय लागली की 96 भाग भरडा, 2 भाग तेल, 2 भाग झिंक फॉस्फाईड. हाताने नाही, काठीने कालवायचं. या विषावर उतारा नाही. उरलेलं आमिष आणि मेलेले उंदीर खोल पुरायचे.

बचावलेल्यांसाठी ब्रोमॅडिओलोन, हे दुसरं औषध. ते सावकाश मारतं, म्हणून संशय येत नाही. पण तसा उंदीर घुबडाने खाल्ला, तर घुबडही जाऊ शकतं.

[दृश्य: रात्र. बांबूच्या आडव्या काठीवर गव्हाणी घुबड.]

लक्ष्मीचं वाहन म्हणून तसबिरीत चालतं, कौलावर बसलं की दगड. धामणीचंही तेच. म्हशीचं दूध पिते म्हणून तिला मारतात. सापाला दूध ओढून पिता येतच नाही. आपला हात जात नाही त्या बिळात ती शिरते. घुबडासाठी खाचरात बांबूचे थांबे रोवा. फक्त दाणा भरू लागला की उपटा, नाहीतर दिवसा त्यावर दाणे टिपणारी पाखरं बसतात.

पावसाळ्यात आणखी एक भीती. उंदराच्या मुतातून लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या रोगाचे जंतू खाचराच्या पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतात. लावणीला गमबूट घाला. ताप आला तर अंगावर काढू नका.

[दृश्य: सकाळ. तीन शेतकरी आपापल्या बांधांवर बिळं बघत चाललेत.]

एकट्याने केलं तर उंदीर शेजारच्या खाचरात जातो आणि पावसात परत येतो. त्याला सातबारा कळत नाही. आज वाडीतल्या तिघांनी एकाच दिवशी बिळं बुजवली.

चौथ्या खाचराचा मालक मुंबईला. तिथे कमरेएवढं गवत आहे, आणि गवताच्या बुडाशी ताजी माती.